मनगटावरची निळी पट्टी

बँकेच्या रांगेत, लग्नाच्या मांडवात, नाहीतर सकाळी फिरायला जाताना हल्ली एक गोष्ट नजरेला पडते. कुणाच्या मानेवर, कुणाच्या गुडघ्यावर, तर कुणाच्या मनगटावर निळी, गुलाबी किंवा काळी कापडी पट्टी चिकटवलेली असते. तिला कुणी नुसतं 'टेप' म्हणतं, कुणी 'खेळाडूंची पट्टी' म्हणतं. औषधाच्या दुकानात तिची गुंडाळी मिळते. "लावली आणि दुखणं पळालं" असं सांगणाऱ्या बायका भेटतात, तशाच "पैसे पाण्यात गेले" म्हणणाऱ्याही भेटतात. तुमच्याही मनात कधीतरी आलं असेल, की ही पट्टी खरंच काही करते, की नुसती शोभेची?

मी ती दोन महिने वापरली. त्या निमित्तानं बरंच विचारलं, वाचलं, आणि घरातही बरंच काही पाहायला मिळालं. मैत्रिणींनो, ते तुम्हाला सांगावं म्हणून हा लेखनप्रपंच.

माझं दुखणं ऐकणाऱ्याला क्षुल्लक वाटावं असंच होतं. सुनेची बाळंतपणाची रजा संपली, ती कामावर रुजू झाली आणि सहा महिन्यांचा नातू दिवसभर माझ्या ताब्यात आला. पोर गुटगुटीत, चांगलं आठ किलोंचं. पाळण्यातून काढा, मांडीवर घ्या, न्हाऊ घाला, पुन्हा पाळण्यात ठेवा. दिवसातून वीस-पंचवीस वेळा तरी उचलणं होई. शिवाय कणीक मळणं, धुणं पिळणं, विळीवर भाजी चिरणं हे नेहमीचं होतंच. महिन्याभरात उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला एक कळ येऊ लागली. दाराची कडी काढताना यायची, बरणीचं झाकण फिरवताना यायची; पण सगळ्यात जास्त यायची ती बाळाच्या काखेत हात घालून त्याला उचलताना. डोळ्यांपुढे काजवे चमकायचे.

"आंबेहळदीचा लेप घाल", "मिठाच्या पुरचुंडीनं शेक", "निर्गुडीचा पाला बांध" असे घरोघरी होतात ते सगळे उपाय आमच्याकडेही झाले. शेकानं तेवढ्यापुरतं बरं वाटे. पण बाळाला उचललं, की कळ हजर. शेवटी हाडांच्या डॉक्टरांना हात दाखवला. त्यांनी अंगठा मुठीत मिटायला सांगितला आणि ती मूठ करंगळीच्या बाजूला हलकेच वाकवली. माझ्या तोंडून "आई गं!" निघालं. डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "घरात लहान मूल आहे का?"

या दुखण्याचं नाव मोठं जड आहे, 'डी-क्वेर्व्हेन'. याच नावाच्या स्विस शल्यविशारदानं १८९५ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून ते नाव पडलं. नाव जड असलं, तरी भानगड समजायला सोपी आहे. मनगटाच्या अंगठ्याकडच्या कडेला हाडाचं एक टोक हाताला लागतं ना, तिथून अंगठा उचलणाऱ्या दोन दोऱ्या जातात. आपण त्यांना शिरा म्हणतो, डॉक्टर कंडरा म्हणतात. त्या एका अरुंद नळीतून मागेपुढे सरकतात. अगदी परकराच्या नेफ्यातून नाडी सरकते तशा. नेफा आक्रसला, की नाडी अडते आणि आपण ओढत बसतो. तसंच इथं होतं. तेच ते काम शेकडो वेळा झालं, की नळीचं अस्तर जाड होतं, दोऱ्या अडकत अडकत सरकतात आणि प्रत्येक हालचालीला कळ उठते. हे दुखणं पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त होतं, आणि त्यातही तान्ह्या मुलांच्या आयांना. आता त्या रांगेत नोकरदार सुनांच्या सासवाही जाऊन बसल्या आहेत, एवढाच फरक.

डॉक्टरांनी रात्री बांधायला अंगठ्यासकट मनगट धरून ठेवणारा पट्टा दिला आणि सांगितलं, "हाताला तीन आठवडे विश्रांती द्या. कमी नाही पडलं, तर एक इंजेक्शन देऊ. त्यानंही नाही भागलं, तर छोटीशी शस्त्रक्रिया असते. पण बहुतेकांना तिथवर जावं लागत नाही." विश्रांती! औषधाच्या चिठ्ठीवर लिहायला हा शब्द किती सोपा. पण उजवा हात बाजूला काढून ठेवून संसार कसा करायचा, ते काही चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं.

तिथूनच मला फिजिओथेरपीकडे पाठवलं. तिथली मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. तिनं हात पुसला, निळ्या पट्टीची एक लांब फीत कापली, कोपरे गोल केले आणि अंगठ्याच्या नखाखालून थेट हाताच्या मध्यापर्यंत ती अलगद चिकटवली. दुसरी छोटी फीत दुखऱ्या जागेवर आडवी लावली. मग म्हणाली, "काकू, या हातातल्या बांगड्या मात्र काढाव्या लागतील. नेमक्या दुखऱ्या जागी घासतात, आणि पट्टीही सुटेल."

तुम्हाला हसू येईल, पण मला पट्टीपेक्षा त्या बांगड्यांचाच घोर लागला. घरी सासूबाई आहेत, ऐंशी उलटलेल्या, रीतीभातीला पक्क्या. एका हातात बांगड्या आणि एक हात बोडका, हे त्यांना कसं सांगायचं? मी चाचरतच सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेऊन पट्टीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "काढ की. दुखतंय ते तुला." मग स्वतःचा उजवा हात माझ्यासमोर धरला. अंगठ्याच्या मुळाशी हाड वर आलेलं, अंगठा सरळ बाहेर येतच नव्हता. "तुझ्या नणंदेच्या पाठीवरचा झाला तेव्हापासून दुखत होता. आमच्या वेळी कुणाला दाखवायचं होतं? विहिरीचं पाणी काय अंगठा बघून वर येत होतं?" एवढी वर्षं मी त्या हातच्या भाकऱ्या खाल्ल्या. तो अंगठा मिटत नाही, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

ही गोष्ट माझ्या मनात घर करून बसली. पट्टीबद्दल पुढं जे सांगणार आहे, ते तिच्याशी जोडूनच वाचा.

आधी पट्टीची कुळकथा. ती जपानची. हातानं सांधे हाताळून उपचार करणाऱ्या केंझो कासे नावाच्या गृहस्थांनी १९७० च्या दशकात ती तयार केली. त्याआधी खेळाडूंना जी पांढरी पट्टी बांधत, ती कडक असे. सांधा हलूच नये, हाच तिचा हेतू. कासे यांना सांध्याला आधार देणारी, पण हालचाल न रोखणारी, कातडीसारखी ताणली जाणारी पट्टी हवी होती. म्हणून सुती कापडात ताणले जाणारे धागे विणून, मागं नागमोडी रेघांत चिकट द्रव्य लावून त्यांनी ही पट्टी केली. ती आपल्या लांबीच्या जवळजवळ दीडपट ताणली जाते. तिच्यात कोणतंही औषध नसतं, हे ध्यानात ठेवा. बाम, मलम, तेल असलं काही नाही. नुसतं कापड आणि गोंद.

जगभर तिचं नाव झालं ते २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये. वाळूवरच्या व्हॉलीबॉलमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या अमेरिकेच्या केरी वॉल्श हिच्या उजव्या खांद्यावर काळ्या पट्ट्यांचं जाळं होतं आणि ते टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर खेळाडूंच्या अंगावर रंगीबेरंगी पट्ट्यांचं पीकच आलं. रंगांना मात्र काही अर्थ नाही. निळी थंड आणि लाल गरम असं दुकानदार सांगेल, तर ऐकून सोडून द्या.

आता मुद्द्याचं. ती दुखणं कमी कसं करते? विकणारे सांगतात, की पट्टी कातडी किंचित वर उचलते, त्यामुळे खालून रक्त नीट वाहतं, सूज उतरते, दुखावलेली जागा लवकर भरून येते. ऐकायला छान वाटतं, पण हे अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही. त्यापेक्षा दुसरं एक कारण पटण्यासारखं आहे.

मूल धडपडलं आणि गुडघा आपटला, तर आपण काय करतो? तिथं हात चोळतो, फुंकर घालतो. मूल रडायचं थांबतं. ही नुसती समजूत नव्हे. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली यामागचं कारण मांडलं. दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यात जणू एक दार लागतं. त्याच दारातून स्पर्शाचेही निरोप जातात. सुट्टीच्या दिवसांत एस.टी.च्या दाराशी कशी गर्दी होते? स्पर्शाच्या निरोपांची तशी गर्दी झाली, की दुखण्याचा निरोप मागं रेटला जातो. हात चोळणं संपलं की गर्दी ओसरते. पण पट्टी दिवसभर कातडीला हलकेच ओढत राहते, म्हणजे कुणीतरी सतत हात ठेवून असल्यासारखं. मला तरी अगदी तसंच वाटायचं. कळ पूर्ण जात नसे, पण तिची धार बोथट व्हायची.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट होते. मनगट नको तसं वाकवलं, की पट्टी ताणली जाते आणि कातडीला कळतं. म्हणजे ती आपल्याला टोकते. 'अगं, हळू!' म्हणणारं माणूस हातावरच बसवल्यासारखं.

पण अभ्यासकांनी जेव्हा चाचण्या घेतल्या, तेव्हा काय दिसलं, तेही सांगायला हवं. २०१४ साली 'जर्नल ऑफ फिजिओथेरपी' या नियतकालिकात अशा बारा चाचण्यांचा एकत्र आढावा छापून आला. त्यांत मिळून जवळजवळ पाचशे रुग्ण होते. काहींना ही पट्टी रीतसर लावली, काहींना नुसती नावापुरती, न ताणता. निष्कर्ष असा निघाला, की रीतसर पट्टीचा फायदा एक तर दिसत नाही, किंवा दिसला तरी इतका थोडा असतो, की रुग्णाला त्याचं फारसं काही वाटू नये. २०२१ साली खांद्याच्या दुखण्यावरच्या चाचण्यांचा असाच एक मोठा आढावा निघाला, त्यातही पट्टीच्या बाजूनं ठाम काही सांगता आलं नाही. थोडक्यात, पट्टीनं दुखणं बरं होतं, असा दावा कुणी केला, तर त्यावर विश्वास ठेवू नका. काही जणींना तिनं थोडे दिवस आराम वाटतो, एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येतं.

तुम्ही म्हणाल, मग आम्ही हा लेख वाचतोय कशाला? सांगते.

पट्टी लावून घरी आले, त्या संध्याकाळची गोष्ट. माझा हात दुखतो, हे मी घरात महिनाभर सांगत होते. "शेक घे गं", "डॉक्टरला दाखव" यापलीकडे कुणी मान वर करून पाहिलं नव्हतं. कुणी वाईट नव्हतं हो. पण दुखणं डोळ्यांना दिसत नाही ना! ताप असला तर कपाळ गरम लागतं, हात मोडला तर प्लॅस्टर दिसतं. बाईच्या मनगटातली कळ कुणाला दिसणार? पण ती निळी पट्टी दिसली. जेवायला बसल्यावर मुलानं विचारलं, "आई, हे काय लावलंय? एवढं दुखतंय?" दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला आणि चादरी पिळून वाळत घालून कामाला गेला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

यजमानांचं तर याहून वेगळं झालं. उजव्या हाताची पट्टी स्वतः लावता येत नाही. डाव्या हातानं ती कापा, सोला, चिकटवा, हे जमत नाही. तेव्हा फिजिओवाल्या मुलीनं त्यांनाच बोलावून शिकवलं. दर चौथ्या दिवशी रात्री ते चष्मा लावून, कात्री घेऊन बसायचे आणि माझा अंगठा हातात धरून विचारायचे, "इथं दुखतं? की थोडं खाली?" लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण माझं नेमकं कुठं दुखतं, हे बोट ठेवून विचारायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. त्या पाच मिनिटांत पट्टीतल्या गोंदाचा वाटा किती आणि विचारण्याचा किती, ते मी काही मोजत बसले नाही.

याला दुसरी बाजूही आहे, आणि तीच जास्त महत्त्वाची. माझ्या धाकट्या नणंदेला असंच दुखणं होतं. तिनंही पट्टी आणली. दोन दिवसांत बरं वाटलं. उन्हाळ्याचे दिवस, घरात पाच किलो उडदाचं पीठ येऊन पडलेलं. 'आता दुखत नाही, तर उरकून घेऊ' म्हणून तिनं पापडांचं पीठ कुटलं, लाट्या केल्या, दोन दिवस लाटत बसली. तिसऱ्या दिवशी मनगट टम्म फुगलं आणि हातात पेला धरवेना. दुखणं हत्तीच्या पायानं येतं आणि मुंगीच्या पायानं जातं, असं म्हणतात. पट्टीनं कळ झाकली गेली म्हणून हत्ती काही घराबाहेर गेलेला नसतो.

पट्टीनं मिळते ती सवड. जागा भरून येते ती ताण कमी केल्यानं, रात्रीच्या पट्ट्यानं, हळूहळू करायच्या व्यायामानं आणि दिवस गेल्यानं. त्या सवडीत हाताला जपलं, तर तिचा उपयोग. त्याच सवडीत राहिलेली कामं उपसली, तर पट्टी नसलेली बरी.

म्हणून मला शिकवलेल्या चार गोष्टी तुम्हालाही सांगते. बाळाला उचलताना अंगठे ताठ बाहेर काढून काखेत घालू नका. तळवे आभाळाकडे करून, एक हात ढुंगणाखाली आणि एक पाठीखाली घालून, सुपात धान्य घ्यावं तसं उचला. भार मनगटावर न येता सबंध हातावर येतो. तापलेलं पातेलं सांडशीनं एका हातानं उचलू नका. सांडशी दाबून धरताना सगळा जोर अंगठ्यावर येतो. त्यापेक्षा दोन्ही हातांत दोन फडकी घेऊन उतरवा. धुणं पिळायचंच असेल, तर नळाला अडकवून दोन्ही हातांनी एकाच दिशेनं पीळ द्या, किंवा सरळ निथळत ठेवा. आपल्याकडच्या उन्हात वाळायला कितीसा वेळ लागतो? कणीक बोटांनी न चिमटता मुठीनं आणि तळव्याच्या बुंध्यानं मळा. आणि मोबाइलवर एकाच अंगठ्यानं लांबलचक निरोप लिहायची सवय असेल, तर फोन टेबलावर ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटानं लिहा. व्यायाम मात्र पुस्तकात पाहून सुरू करू नका. कळ ताजी असताना ताणलं तर उलटंच होतं. कधी आणि किती करायचे, ते दाखवून घ्या.

आता पट्टी लावण्याबद्दल. पहिल्यांदा ती जाणकाराकडूनच लावून घ्यावी आणि लावताना नीट पाहून ठेवावी. त्याआधी बोटभर तुकडा हाताच्या आतल्या बाजूला चिकटवून एक दिवस ठेवा. खाज, लाली, पुरळ आलं, तर ही पट्टी तुमच्यासाठी नाही. हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडा करा. तेलाचा हात लागला, की पट्टी टिकत नाही. मनगटासाठी पाच सेंटिमीटर रुंदीची पट्टी उभी कापून अर्धी करावी. कोपरे गोल कापावेत, म्हणजे बाहीला आणि पदराला अडकून सुटत नाहीत. दोन्ही टोकांची दोन-दोन बोटं जागा अजिबात ताणायची नाही. मधला भाग किंचित ताणायचा. जास्त ताणली म्हणजे जास्त गुण, असं बिलकूल नाही. आमच्या शेजारच्या वहिनींनी टाचेवर खेचून लावली, तर दुसऱ्या दिवशी टोकाशी फोड आला. मनगटाभोवती पूर्ण वेढाही घालू नये. हात सुजला, तर तो आवळतो. लावून झाल्यावर वरून तळहातानं चोळा, उबेनं गोंद धरतो. निदान तासभर पाणी लागू देऊ नका.

मग ती तीन ते पाच दिवस राहते. आंघोळ चालते, नंतर टॉवेलनं टिपायचं, घासायचं नाही. आपल्या बायकांचे हात सदा पाण्यात, त्यामुळे माझी तर तिसऱ्याच दिवशी कडेनं सुटायची. कोकणातल्या दमट हवेत याहूनही लवकर सुटेल. सुटलेलं टोक कात्रीनं कापून टाकावं. खालचं पीठ-साबण तसंच ठेवून पुन्हा चिकटवू नये. काढताना झटका देऊ नका. कडेला खोबरेल तेल जिरवा, दहा मिनिटं थांबा, मग एका हातानं कातडी दाबत, केस ज्या दिशेनं वळतात त्या दिशेनं सावकाश सोला. नवी लावण्यापूर्वी कातडीला एक दिवस मोकळं सोडा.

काही जणींनी मात्र ही पट्टी आपल्या मनानं लावूच नये. जखम, गळू, इसब किंवा कातडीचा संसर्ग असलेल्या जागी लावू नये. ज्यांची कातडी वयानं कागदासारखी पातळ झाली आहे, त्यांनी लावू नये. सासूबाईंनी हौसेनं हात पुढं केला होता, पण त्या मुलीनं नको म्हटलं. मधुमेहामुळे हातापायांची जाणीव कमी झाली असेल, तर पट्टी लागते-बोचते हे कळणारच नाही. कर्करोग झालेल्या भागावर ती लावत नाहीत. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर हाताला सूज आली, तर तिथं काय लावायचं ते त्या विषयातल्या माणसांनीच ठरवावं. गरोदरपणी पोटा-कमरेवर लावण्याआधी डॉक्टरांना विचारावं. आणि हे तर पक्कं लक्षात ठेवा: एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली, गरम लागली, तर पट्टी, मालीश, शेक काहीही न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आत रक्ताची गुठळी असू शकते, आणि ती जिवावर बेतते. तसंच पडल्यानंतर मनगट दुखत असेल, सुजून लाल होऊन ताप येत असेल, किंवा रात्री बोटांना मुंग्या येऊन झोपमोड होत असेल, तर ते दुखणं वेगळं. त्यावर पट्टी लावून बसलात, तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार व्हायचा.

माझा हात दोन महिन्यांत सुधारला. इंजेक्शनची वेळ आली नाही. याचं श्रेय पट्टीला द्यायचं, की रात्रीच्या पट्ट्याला, की चादरी पिळणाऱ्या मुलाला? डॉक्टरांना विचाराल, तर ते बहुधा विश्रांतीला देतील. ज्या गोष्टीला मी हसले होते, ती शेवटी मिळाली. फक्त ती औषधाच्या दुकानातून न येता घरातल्या माणसांकडून थोडी थोडी करून आली. सुनेनं कणीक भिजवायचं आपल्याकडे घेतलं, नातवाची आंघोळ यजमानांकडे गेली, आणि सासूबाई खाटेवर बसल्या बसल्या लसूण सोलू लागल्या. त्यांच्या त्या न मिटणाऱ्या अंगठ्यानं त्यांना ते जमतंही सावकाश. मी आता त्यांच्या हाताला रोज रात्री कोमट तेल लावते.

मैत्रिणींनो, गुंडाळी आणायची तर जरूर आणा. काही फार महाग नाही. पण ती आणाल त्याच दिवशी घरातल्यांना एकत्र बसवा आणि कुठं दुखतं, कोणतं काम करताना दुखतं, ते बोट ठेवून दाखवा. मग त्या कामांपैकी एक तरी त्याच दिवशी दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवा. दोन नाही जमली तरी चालतील. एक मात्र सोपवाच. आणि घरात तुमच्याहून वडील बाई असेल, तर तिचाही हात एकदा उजेडात धरून पाहा.